गिटची रोजची कामं स्वयंचलित करताना: आधी काय, नंतर काय, आणि कशाला हात लावायचा नाही

गिटमध्ये (कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या प्रोग्राममध्ये) पहिलं स्वयंचलन बहुतेक जण एकच करतात. सगळ्या फायली स्टेज करायच्या (पुढच्या नोंदीसाठी निवडायच्या), ‘अपडेट’ असा संदेश टाकून कमिट करायचं (नोंद पक्की करायची) आणि लगेच पुश करायचं (सर्व्हरवर पाठवायचं), हे सगळं एका छोट्या आज्ञेत. नेमकं हेच करू नका. या तीन पायऱ्यांच्या मध्ये आपण काय बदललंय ते पाहायला थांबतो, आणि ते थांबणंच या आज्ञेने काढून टाकलं जातं. पासवर्ड असलेली फाईल, चुकून राहिलेली डीबगची ओळ, दुसऱ्याच कामाचे अर्धवट बदल हे सगळं याच वाटेने रिमोटवर, म्हणजे सर्व्हरवरच्या सामायिक प्रतीत जातं.

यंत्राकडे द्यायची कामं वेगळी आहेत. ज्यात डोकं लागत नाही पण जी विसरली जातात, ती द्या. क्रमही ठरलेला ठेवा: आधी सेटिंग, मग फक्त वाचणारे शॉर्टकट, मग तपासणाऱ्या हुक (ठरावीक क्षणी गिट आपोआप चालवतं त्या स्क्रिप्ट) आणि सगळ्यात शेवटी पुसून टाकणारी स्क्रिप्ट. मी पाहिलेल्या बहुतेक टीम हा क्रम उलटा धरतात आणि पहिल्याच अपघातानंतर सगळंच बंद करून टाकतात.

लेखातल्या आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलवर त्या नेहमीप्रमाणे रोमन लिपीत टंकायच्या.

## तयारी: स्क्रिप्ट लिहिण्याआधीचा आठवडा

१. आठवडाभर एक कागद जवळ ठेवा. गिटची जी आज्ञा दिवसातून दोनदापेक्षा जास्त टंकता ती लिहा. तिच्याशेजारी एकच खूण करा: ही आज्ञा फक्त दाखवते, बदलते की पुसते? टर्मिनलच्या हिस्टरीतूनही ही यादी निघेल, पण हाताने लिहिताना ‘ही करायला मी विसरलो होतो’ हेही आठवतं, आणि खरी माहिती तीच असते.

२. टीममध्ये प्रत्येकाची गिटची आवृत्ती पाहा (गिट --व्हर्जन). पुढच्या काही सोयींना ठरावीक आवृत्ती लागते. सामायिक हुक-फोल्डरला २.९, नवी ब्रांच (कामाची वेगळी शाखा) आपोआप रिमोटशी जोडायला २.३७. एकाच्या लॅपटॉपवर जुनी आवृत्ती असली तर त्याच्याकडे सेटिंग निमूटपणे दुर्लक्षित होते, कसली तक्रारही येत नाही.

३. सरावासाठी वेगळी रेपो (प्रकल्प आणि त्याचा इतिहास असलेलं फोल्डर) करा. खऱ्या रेपोची कॉपी घेतली तर आधी तिचा रिमोट काढून टाका (गिट रिमोट रिमूव्ह ओरिजिन). हे विसरलात तर ‘सराव’ थेट सर्व्हरवर होईल.

४. रीफ्लॉग (तुम्ही कोणकोणत्या कमिटवर होतात याची गिटची स्थानिक नोंदवही) वापरून हरवलेलं कमिट परत आणायचा सराव एकदा करा. ब्रांच बनवा, दोन कमिट करा, ब्रांच पुसा आणि रीफ्लॉगमधून परत आणा. हे जमल्याशिवाय पुसण्याच्या टप्प्याकडे (टप्पा ७) जाऊ नका.

सावधान: रीफ्लॉगमधून फक्त कमिट झालेलं काम परत येतं. कधीच स्टेज न केलेली नवी फाईल ‘गिट क्लीन’ने उडाली की गिटकडे तिचा मागमूसही राहत नाही.

## टप्पा १: सेटिंग

सगळ्यात कमी कष्टात सगळ्यात जास्त फायदा इथे आहे, तरी लोक हा टप्पा ओलांडून पुढे पळतात. ‘गिट कॉन्फिग --ग्लोबल’ने एवढ्या गोष्टी लावा:

- फेच.प्रून ट्रू: सर्व्हरवर पुसलेल्या ब्रांचच्या जुन्या खुणा आपल्याकडून आपोआप निघतात.
- पुल.एफएफ ओन्ली: दोन्हीकडे वेगळे कमिट झाले असतील तर पुल (सर्व्हरवरचे बदल आणून आपल्या ब्रांचमध्ये मिसळणं) थांबतं. न विचारता मर्ज-कमिट तयार होत नाही. रिबेस करायचं (आपले कमिट त्यांच्या कमिटवर पुन्हा रचायचे) की मर्ज (दोन्ही एकत्र जोडायचे), ते तुम्ही ठरवता.
- पुश.ऑटोसेटअपरिमोट ट्रू: नव्या ब्रांचच्या पहिल्या पुशला लांबलचक आज्ञा लागत नाही.
- कमिट.व्हर्बोझ ट्रू: संदेश लिहिताना खाली पूर्ण डिफ (बदललेल्या ओळी) दिसतो. चुकीची ओळ पकडायला याहून सोपा उपाय मला माहीत नाही.
- रिरीरी.इनेबल्ड ट्रू: एखादा कॉन्फ्लिक्ट (एकाच जागी झालेल्या दोन बदलांची टक्कर) तुम्ही कसा सोडवला ते गिट लक्षात ठेवतं आणि तोच पुन्हा आला की तसाच सोडवतं. लांब चालणारी ब्रांच वारंवार रिबेस करणाऱ्यांचे तासच्या तास वाचतात.

शेवटच्या सेटिंगबद्दल थोडं अधिक. रिरीरी चुकीची सोडवणूकही तितक्याच इमानाने लक्षात ठेवतं. म्हणून रिरीरी.ऑटोअपडेट हे जोडसेटिंग लावू नका. ते बंद असलं की सोडवलेली फाईल आपोआप स्टेज होत नाही, तुम्हाला ती पाहावी लागते. चूक लक्षात आली तर ‘गिट रिरीरी फरगेट’ आणि पुढे फाईलचा पाथ.

कंपनीचं आणि स्वतःचं असं दोन्ही काम एकाच लॅपटॉपवर करणाऱ्यांची नेहमीची चूक म्हणजे कंपनीच्या रेपोत खासगी ईमेलने कमिट होणं. ‘इन्क्लूडइफ’ने फोल्डरनुसार वेगळी ओळख लावता येते, पण फोल्डरच्या नावाच्या शेवटची तिरकी रेघ विसरू नका. ती असली तरच आतल्या सगळ्या रेपोंना नियम लागतो, नाहीतर तो कुठेच लागत नाही आणि का लागत नाही हे शोधण्यात दुपार जाते. सोबत युझर.यूजकॉन्फिगओन्ली ट्रू ठेवा आणि ग्लोबल ईमेल काढून टाका. मग ओळख सापडली नाही तर गिट अंदाज बांधत नाही, कमिट करायलाच नकार देतं.

तपासा: ‘गिट कॉन्फिग --लिस्ट --शो-ओरिजिन’ चालवा. प्रत्येक सेटिंग कोणत्या फाईलमधून आली ते दिसेल. एकच सेटिंग दोन ठिकाणी असेल तर नंतर वाचली गेलेली, म्हणजे रेपोच्या जवळची, जिंकते.

## टप्पा २: शॉर्टकट

अलियास (आज्ञेचं छोटं नाव) फक्त पाहण्याच्या आज्ञांचे करा: थोडक्यात स्टेटस, आलेखासह शेवटचे वीस कमिट, स्टेज केलेल्या बदलांचा डिफ. गिटच्या मूळ आज्ञेचं नाव अलियासला दिलं तर गिट तो अलियास मानत नाही, त्यामुळे वेगळं नाव घ्या. उद्गारचिन्हाने सुरू होणारा अलियास शेलमध्ये चालतो आणि तो रेपोच्या मुळाशी चालतो, तुम्ही उभे असलेल्या फोल्डरमध्ये नाही. आतल्या फोल्डरचा पाथ दिलात तर तो सापडणार नाही.

तीन आज्ञांना अलियास कधीच नको: रीसेट --हार्ड, क्लीन आणि पुश --फोर्स. या पूर्ण टंकाव्या लागतात, त्यामुळेच हात क्षणभर थबकतो.

रिबेसनंतर जबरदस्तीचा पुश करावा लागतोच. तेव्हा ‘--फोर्स-विथ-लीज’ वापरा. मधल्या काळात दुसऱ्याने काही पुश केलं असेल तर तो नकार देतो. पण त्याचीही एक फट आहे. तुमचा एडिटर पाठीमागे दर काही मिनिटांनी फेच करत असेल (रिमोटवरचं नवं नुसतं आणत असेल, मिसळत नसेल) तर सहकाऱ्याचं नवं कमिट तुमच्या रिमोटच्या नोंदीत येऊन बसतं. तुम्ही ते पाहिलेलंही नसतं, आणि गिट मात्र समजतं की तुम्हाला माहीत आहे. पुश होतो, सहकाऱ्याचं काम उडतं. म्हणून सोबत ‘--फोर्स-इफ-इन्क्लूड्स’ द्या (आवृत्ती २.३० पासून). ते कमिट तुमच्या ब्रांचमध्ये खरोखर घेतलं गेलंय का, हे त्याने तपासलं जातं.

सावधान: क्रॉनमधून (ठरलेल्या वेळी आज्ञा चालवणाऱ्या सोयीतून) ‘गिट पुल’ चालवू नका. तुम्ही फाईल लिहीत असताना ती खालून बदलते. पार्श्वभूमीवर फेच हवं असेल तर ‘गिट मेंटेनन्स स्टार्ट’ वापरा. ते दर तासाला नवा माल आणतं पण वेगळ्या कप्प्यात ठेवतं, तुमच्या नेहमीच्या रिमोट-ब्रांचना हात लावत नाही.

## टप्पा ३: प्री-कमिट हुक

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून सावकाश जाऊ.

हुक म्हणजे ठरावीक नावाची स्क्रिप्ट. गिट ती ठरावीक क्षणी चालवतं. प्री-कमिट हुक शून्याव्यतिरिक्त काहीही परत करून संपली की कमिट थांबतं. सगळा खेळ या एका आकड्यावर आहे, आणि पहिली चूकही त्याचीच. स्क्रिप्टच्या शेवटी ‘तपासणी पूर्ण’ असं छापणारी ओळ असते, ती यशस्वी होते, शेल शून्य परत करतो. वर लिंटरने (कोडमधल्या चुका शोधणाऱ्या टूलने) दहा चुका दाखवलेल्या असल्या तरी कमिट होऊन जातं. लाल अक्षरं दिसतात, पण कमिट अडत नाही. स्क्रिप्टच्या सुरुवातीला ‘सेट -ई’ लावा किंवा तपासणी फसली तर ‘एक्झिट १’ असं प्रत्येक तपासणीनंतर स्वतः लिहा.

३.१ आधी एकच ओळ लावा. हुकमध्ये सुरुवातीला एवढंच ठेवा:

गिट डिफ --कॅश्ड --चेक

याने ओळीच्या शेवटची फालतू मोकळी जागा आणि कॉन्फ्लिक्टच्या उरलेल्या खुणा पकडल्या जातात. कसलंही वेगळं टूल लागत नाही. मार्कडाउन फायलींमध्ये ओळीच्या शेवटच्या दोन मोकळ्या जागांना अर्थ असतो, तेव्हा त्या फायलींना गिटॲट्रिब्यूट्समधून (फायलींनुसार नियम लिहायच्या गिटच्या फाईलमधून) सूट द्या. आठवडाभर एवढंच चालू द्या. टीमला हुकची सवय लागते.

३.२ फक्त स्टेज केलेल्या फायली घ्या. यादी अशी काढा:

गिट डिफ --कॅश्ड --नेम-ओन्ली --डिफ-फिल्टर=एसीएमआर -झेड

फिल्टरमध्ये पुसलेल्या फायली वगळल्या आहेत, नाहीतर लिंटर नसलेली फाईल शोधत बसतो. शेवटचा ‘झेड’ आपल्यासाठी विशेष महत्त्वाचा. ‘अहवाल’ नावाची मजकूर-फाईल रेपोत असली तर गिट तिचं नाव साधं छापत नाही. अवतरणचिन्हात, उलट्या तिरक्या रेघांनी तोडलेले आकडे छापतं. पहिल्या ‘अ’चेच ३४०, २४४, २०५ असे तीन तुकडे होतात. तुमची स्क्रिप्ट त्या आकड्यांच्या नावाची फाईल शोधते आणि ती मिळत नाही. मराठी मजकुराचे, भाषांतराचे किंवा सरकारी नमुन्यांचे प्रकल्प करणाऱ्यांच्या हुक इथेच अडतात. झेड दिला की नावं जशीच्या तशी येतात, मोकळी जागा असलेली नावंही. स्क्रीनवर नावं वाचता यायला कोअर.कोटपाथ फॉल्स लावा, पण स्क्रिप्टमध्ये झेडच.

ही यादी एक्सआर्ग्जकडे (यादी दुसऱ्या आज्ञेला पुरवणाऱ्या आज्ञेकडे) देताना ‘-०’ लावा, आणि लिनक्सवर ‘-आर’सुद्धा. तो नसला तर यादी रिकामी असतानाही लिंटर एकदा चालतो. काही लिंटर फाईल न दिल्यास अख्खा प्रकल्प तपासायला घेतात.

३.३ डिस्कवरची फाईल तपासू नका. फार थोड्या हुक हे नीट करतात. समजा फाईलमध्ये कंस उघडा राहिलाय आणि तुम्ही ती स्टेज केली. मग लक्षात आलं, एडिटरमध्ये कंस बंद केला, सेव्ह केलं, पण पुन्हा स्टेज करायचं राहिलं. हुक डिस्कवरची फाईल वाचते. तिथे कंस बंद आहे, सगळं ठीक. कमिटमध्ये मात्र उघड्या कंसाची फाईल गेली. पुढच्याच्या लॅपटॉपवर बिल्ड फुटतं आणि तुमच्याकडे चालतं.

उपाय: ‘गिट चेकआउट-इंडेक्स --ऑल --प्रीफिक्स=’ने स्टेज केलेली अवस्था एका तात्पुरत्या फोल्डरमध्ये उतरवा आणि लिंटर तिथे चालवा. प्रीफिक्सच्या शेवटी तिरकी रेघ हवीच, नाहीतर फोल्डरचं नाव प्रत्येक फाईलच्या नावाला चिकटतं. रेपो मोठी असेल तर एकेका फाईलसाठी ‘गिट शो’, पुढे विसर्गासारखा कोलन आणि पाथ, म्हणजे स्टेजमधला मजकूर थेट मिळतो.

३.४ हुकने फाईल बदलू नये. ‘फॉरमॅट करून आपोआप स्टेज कर’ अशी हुक फार लोकप्रिय आहे. पण तुम्ही ‘ॲड -पी’ने फाईलचा अर्धाच भाग निवडून स्टेज केला असेल तर ती हुक उरलेला अर्धाही आत ओढते. फॉरमॅटिंग एडिटरमध्ये सेव्ह करताना होऊ द्या. हुकने फक्त हो किंवा नाही म्हणावं.

३.५ गुपितं आणि वजनदार फायली. एनव्ही फायली (यांत पासवर्ड आणि सेटिंग ठेवतात), ‘प्रायव्हेट की’ असा मथळा असलेला मजकूर आणि ५ एमबीपेक्षा मोठी फाईल, एवढं अडवलं तरी बराच त्रास टळतो. गिटहब १०० एमआयबीपेक्षा मोठी फाईल घेतच नाही, आणि तोवर ती तुमच्या इतिहासात खोल गेलेली असते. नंतरच्या कमिटमध्ये ती पुसली तरी पुश अडतोच, इतिहास पुन्हा लिहावा लागतो.

सावधान: गुपित एकदा पुश झालं की कमिट पुसण्याने भागत नाही. आधी ती की किंवा पासवर्ड बदला, इतिहासाची साफसफाई नंतर.

३.६ वेळ मोजा. हुकला दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त लागले की लोक ‘--नो-व्हेरिफाय’ (हुक टाळायचा पर्याय) लावायला शिकतात, आणि ती सवय परत जात नाही. टेस्ट इथे चालवू नका.

तपासा: मुद्दाम चुकीची फाईल स्टेज करून कमिट करा. ‘गिट लॉग’मध्ये नवं कमिट दिसता कामा नये. फक्त स्क्रीनवर चूक छापली गेली यावर विसंबू नका. मग हेच एडिटरच्या बटणावरून करून पाहा. ग्राफिकल प्रोग्राम शेलची प्रोफाइल वाचत नाहीत, त्यामुळे टर्मिनलमध्ये चालणारं नोड किंवा पायथन त्यांना अनेकदा सापडत नाही.

## टप्पा ४: संदेश तपासणारी हुक

कमिट-एमएसजी हुकला पहिला अर्ग्युमेंट म्हणून संदेशाच्या फाईलचा पाथ मिळतो. फक्त पहिली ओळ तपासा. टप्पा १ मध्ये कमिट.व्हर्बोझ लावलंय, त्यामुळे या फाईलच्या खालच्या भागात पूर्ण डिफही असतो. सगळी फाईल चाळणारी हुक डिफमधल्या ओळींवरच अडून बसते.

लांबीची मर्यादा लावणार असाल तर मोजायचं काय हे नीट ठरवा. ‘लॉगिन दुरुस्त’ हा संदेश डोळ्यांना सहा अक्षरांचा. बाइट मोजले तर ३७, कारण युटीएफ-८ मध्ये देवनागरीची प्रत्येक खूण, काना-मात्रा-हलन्तासकट, तीन बाइट घेते. ‘डब्ल्यूसी -सी’ (बाइट मोजणारी आज्ञा) वापरणारी, ५० ची मर्यादा असलेली हुक मराठी संदेशाला तिसऱ्या-चौथ्या शब्दावरच अडवते. ‘डब्ल्यूसी -एम’ खुणा मोजतं, म्हणजे १३ (मधल्या जागेसकट). त्यासाठी लोकेल (सिस्टिमची भाषा-लिपीची सेटिंग) युटीएफ-८ असायला हवं, नाहीतर तेही बाइटच मोजतं. मराठीत संदेश लिहिणाऱ्या टीमने मर्यादा ७० खुणांच्या आसपास ठेवावी असं माझं मत आहे.

मर्ज, रिव्हर्ट आणि ‘फिक्सअप!’ने सुरू होणारे संदेश सोडून द्या, ते गिट स्वतः लिहितं. तिकिटाचा क्रमांक ब्रांचच्या नावावरून भरायचा असेल तर ते काम प्रीपेअर-कमिट-एमएसजी हुकचं. तिथे क्रमांक आधीच आहे का ते पाहा, नाहीतर प्रत्येक अमेंडला (शेवटचं कमिट दुरुस्त करताना) तो पुन्हा एकदा जोडला जातो.

## टप्पा ५: हुक टीमपर्यंत पोचवणं

डॉट-गिट फोल्डरमधल्या हुक क्लोनबरोबर (रेपोची नवी प्रत घेताना) जात नाहीत. हे जाणूनबुजून तसं आहे, नाहीतर कुणाचीही रेपो क्लोन करताच तिच्यातला कोड तुमच्याकडे चालला असता. म्हणून:

१. रेपोत ‘डॉट गिटहुक्स’ फोल्डर करा आणि हुक तिथे कमिट करा.
२. सेटअप स्क्रिप्टमध्ये एक ओळ टाका: गिट कॉन्फिग कोअर.हुक्सपाथ, पुढे त्या फोल्डरचं नाव. प्रत्येकाने क्लोननंतर ती एकदा चालवायची.
३. फाईलला चालवण्याची परवानगी कमिटमध्येच नोंदवा. विंडोजवर ‘गिट अपडेट-इंडेक्स --सीएचमॉड=+एक्स’.
४. गिटॲट्रिब्यूट्समध्ये या फोल्डरला ईओएल=एलएफ लावा. विंडोजच्या ओळ-शेवटांसह गेलेली हुक लिनक्सवर ‘बॅड इंटरप्रिटर’ म्हणून फुटते, आणि फाईलमध्ये पाहिलं तर काहीच वावगं दिसत नाही.

सावधान: कोअर.हुक्सपाथ लावलं की जुन्या हुक-फोल्डरकडे गिट ढुंकूनही पाहत नाही. गिट एलएफएस (मोठ्या फायली वेगळ्या साठवणारी जोड) वापरत असाल तर त्याची पुशच्या वेळची हुक तिथेच असते आणि मोठ्या फायली तीच चढवते. ती बंद पडली तर रेपोत फायलींचे नुसते पत्ते जातात, फायली तुमच्याकडेच राहतात. हुक्सपाथ लावल्यावर ‘गिट एलएफएस इन्स्टॉल’ पुन्हा चालवा. आधीच लिहिलेली प्री-पुश हुक तिथे असेल तर ते अडेल. मग एलएफएसची ओळ हाताने तिच्यात घाला.

हस्की, लेफ्टहुक किंवा पायथनचं प्री-कमिट यांपैकी हुक सांभाळणारं एखादं टूल घेतलं तर हाताने लावलेला हुक्सपाथ काढा. दोन्ही एकत्र ठेवू नका.

तपासा: सहा महिन्यांपूर्वीच्या ब्रांचवर जा. तिथे हुकचा फोल्डरच नाही, म्हणून कुठलीही हुक चालत नाही आणि गिट काही बोलतही नाही. जुन्या रिलीज ब्रांचवर दुरुस्ती करणाऱ्यांना हे आधीच सांगून ठेवा.

## टप्पा ६: पुश आणि सर्व्हर

प्री-पुश हुकमध्ये दोनच कामं ठेवा: जलद टेस्ट, आणि मुख्य ब्रांचवर (मेन) थेट पुश अडवणं. दुसऱ्या कामात ‘मी आत्ता कोणत्या ब्रांचवर आहे’ हे विचारू नका. दुसऱ्या ब्रांचवरूनही मेनवर पुश करता येतो. हुकला स्टँडर्ड इनपुटवर प्रत्येक रेफसाठी (ब्रांच किंवा टॅगसाठी) चार गोष्टी मिळतात: इकडचं नाव, इकडचा हॅश (कमिटचा ओळख-क्रमांक), तिकडचं नाव, तिकडचा हॅश. तिसरी वाचा. नव्या ब्रांचच्या वेळी तिकडचा हॅश नुसती शून्यं असतो, ब्रांच पुसताना इकडचा. हे दोन्ही प्रसंग स्क्रिप्टमध्ये वेगळे हाताळा.

‘--नो-व्हेरिफाय’ने या सगळ्याला वळसा घालता येतो, आणि कधीकधी तो घालावाही लागतो. म्हणून खरा अडथळा सर्व्हरवर हवा: ब्रांच प्रोटेक्शन (ब्रांचवर थेट पुश रोखणारे नियम) आणि सीआय (पुशनंतर सर्व्हरवर आपोआप होणाऱ्या तपासण्या). सीआयमध्ये तपासण्यांची वेगळी नक्कल लिहू नका, हुक जी स्क्रिप्ट बोलावते तीच सीआयने बोलवावी. दोन नकला असल्या की महिन्याभरात त्या वेगळ्या होतात.

## टप्पा ७: जुन्या ब्रांचची साफसफाई

हा टप्पा इतका मागे ठेवायचं कारण मी स्वतः अनुभवलंय. एका जुन्या टीममध्ये मी शुक्रवारी संध्याकाळी स्क्रिप्ट लावली: मेनमध्ये मर्ज झालेल्या सगळ्या ब्रांच रिमोटवरूनही पुसायच्या. स्क्रिप्टने सांगितलं तसंच केलं. त्यात रिलीजची ब्रांच होती, कारण तिचे सगळे कमिट मेनमध्ये होतेच. डिप्लॉयमेंट (कोड प्रत्यक्ष वापरात नेणारी यंत्रणा) त्या ब्रांचवर लक्ष ठेवून होतं. आणि एका सहकारी ताईंनी त्याच दुपारी कामासाठी उघडलेली, अजून एकही कमिट नसलेली ब्रांचही गेली. कमिट नाही म्हणजे गिटच्या हिशेबाने ती ‘मर्ज झालेली’च. सोमवारी सकाळी दोन तास आम्ही डिप्लॉयमेंट परत उभं करत होतो.

तेव्हापासून हा क्रम मी मोडलेला नाही:

७.१ ‘गिट फेच --प्रून’ करून नोंदी ताज्या करा.

७.२ यादी काढा, पण ‘गिट ब्रांच’च्या छापील मजकुरावरून नको. त्यात चालू ब्रांचपुढे तारा असतो. शेलच्या लूपमध्ये तो तारा फोल्डरमधल्या सगळ्या फायलींच्या नावांत उलगडतो आणि स्क्रिप्ट त्या नावांच्या ब्रांच पुसायला जाते. स्क्रिप्टसाठी ‘गिट फॉर-ईच-रेफ’ आहे, फॉरमॅटमध्ये रेफनेम:शॉर्ट द्या आणि --मर्ज्ड=ओरिजिन/मेन लावा.

७.३ मेन, डेव्हलप आणि रिलीजच्या ब्रांच पूर्ण नावाने वगळा. ‘मेन’ हा शब्द कुठेही आला तर वगळ, असं लिहिलं तर ‘डोमेन’वाल्या ब्रांच कधीच साफ होत नाहीत.

७.४ स्क्वॅश-मर्ज वापरत असाल तर या यादीत तुमच्या ब्रांच येणारच नाहीत. मूळ कमिट मेनमध्ये नसतात, त्यांचं एकत्र केलेलं नवं कमिट असतं. अशांसाठी ‘गिट ब्रांच -व्हीव्ही’मध्ये ‘गॉन’ खूण पाहा. पण त्याचा अर्थ एवढाच की रिमोटवरची ब्रांच गेली. त्यानंतर तुम्ही इथे केलेली, पुश न केलेली कमिट तिच्यात असू शकतात. या ब्रांच एकेक पाहून पुसा.

७.५ पुसण्याआधी प्रत्येक ब्रांचचं नाव आणि शेवटच्या कमिटचा हॅश एका फाईलमध्ये लिहून ठेवा. ब्रांच पुसली की तिचा स्वतःचा रीफ्लॉगही जातो. हॅश हाती असला तर ‘गिट ब्रांच’, नाव, हॅश, एवढ्यावर ती परत येते. कुठूनही पोचता न येणारी कमिट रीफ्लॉगमध्ये साधारणपणे ३० दिवस टिकतात, तेवढी मुदत धरून चाला.

७.६ स्क्रिप्टमध्ये लहान डी वापरा, मोठा डी नाही. लहान डी मर्ज न झालेली ब्रांच पुसायला नकार देतो.

७.७ रिमोटवरच्या ब्रांच स्क्रिप्टने पुसूच नका. मर्ज होताच ब्रांच पुसण्याची सोय गिटहब आणि गिटलॅबमध्येच आहे, ती चालू करा.

तपासा: पहिले चार आठवडे स्क्रिप्टने फक्त यादी छापावी. पुसायचं की नाही ते यादी वाचून माणसाने ठरवावं.

## टप्पा ८: बिघडलेलं कमिट शोधणं

‘गिट बायसेक्ट रन’ (इतिहास निम्मा-निम्मा करत, दर फेरीत तुमची तपासणारी स्क्रिप्ट चालवत बिघाड शोधणारी आज्ञा) वापरणारे कमी का आहेत हे मला कळत नाही. हजार कमिटमधून दोषी कमिट साधारण दहा फेऱ्यांत सापडतं, आणि त्या दहाही फेऱ्या तुम्ही चहाला गेलात तरी होतात.

स्क्रिप्ट रेपोच्या बाहेर ठेवा. आत असेल तर प्रत्येक फेरीत जुनं कमिट चेकआउट होताना तीही बदलते किंवा नाहीशी होते. परत करायचे आकडे असे: शून्य म्हणजे चांगलं, १ ते १२७ म्हणजे वाईट, त्यातला १२५ म्हणजे ‘हे कमिट सोडून दे’. बिल्डच होत नसेल तर १२५ द्या. इथेच घोळ होतो: बिल्ड फुटल्यावर १ परत गेला की भलतंच कमिट दोषी ठरतं. १२७ च्या वरचा आकडा आला तर शोधच थांबतो.

तपासा: शोध सुरू करण्याआधी ती स्क्रिप्ट ठाऊक असलेल्या चांगल्या कमिटवर एकदा आणि वाईट कमिटवर एकदा हाताने चालवा. शेलमध्ये लगेच ‘एको’, डॉलर, प्रश्नचिन्ह टंकून परत आलेला आकडा वाचा. दोन्हीकडे बरोबर आला तरच ‘रन’ द्या. दोषी कमिट सापडल्यावर त्याचा हॅश लिहून घ्या आणि ‘गिट बायसेक्ट रीसेट’ करा. ते राहिलं तर तुम्ही अजून जुन्याच कमिटवर उभे असता आणि पुढचं काम कोणत्याही ब्रांचवर नसलेल्या कमिटमध्ये जातं.